चतुःसीमा

त्रिलोकेकर वकिलांचं तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी
मी फोर्टातलं ऑफिस उघडलं.
दुसरा मजला. लिफ्ट आहे,
पण ते जिन्यानेच चढायचे,
लिफ्टमनचा डोळा लागलेला असायचा म्हणून.

टेबलावर एक दस्त अर्धा राहिलेला.
टायपिंग माझं, समासात त्यांची पेन्सिल:
'सदरहू' तीनदा आलंय, बावकर.
जागा एकच आहे ना?

एकतीस वर्षं मी त्यांच्याकडे होतो.
ओल्ड कस्टम हाउसच्या रेकॉर्डरूममध्ये
कसर लागलेली रजिस्टरं आम्ही दोघांनी उलटली,
ते वाचायचे, मी उतरवून घ्यायचो.
कधी एखादं नाव आलं की थांबायचे.
'ही बाई बघ. एकोणीसशे अडतीस.
स्वतःच्या पैशाने घेतलेली खोली, माझगावात.
आणि पुढच्या पानावर नुसतं "मयत".'
मग चष्मा पुसायचे,
आणि अर्धा तास तरी पुढचं पान उलटायचं नाही.

सरोजिनी घागचं सांगतो.
दोन भाऊ तिला घेऊन आले, हक्कसोडपत्र तयार करून,
फक्त सही राहिली होती.
वकिलांनी भावांना खाली चहाला पाठवलं, पैसे स्वतः दिले.
मग तिला समोर बसवून
सगळा दस्त वाचून दाखवला, आमच्या घरच्या बोलीत:
'म्हणजे बयो, आई जिथे गेली ती खोली,
ती मोरी, तो कठडा,
यातलं काही आता तुझं नाही, असं तू लिहून देतेस.
द्यायचं असेल तर दे. पण कळून दे.'
तिने पेन खाली ठेवलं.
भाऊ वर आले तेव्हा फी गेलीच होती,
शिव्याही मिळाल्या.
संध्याकाळी मला म्हणाले, चहा मात्र महाग पडला रे.

अंगठा देणाऱ्यांचे अंगठे ते स्वतः पुसायचे.
खिशात खोबरेल तेलाची चपटी बाटली,
आणि रुमाल.
शाई लागलेला माणूस रजिस्ट्रारकडून बाहेर पडताना
हात लपवत चालतो, हे त्यांना बघवत नसे.

परवा वहिनींनी कपाट रिकामं केलं.
धुतलेले, इस्त्री केलेले सत्तावीस रुमाल,
प्रत्येकावर जांभळे, न निघालेले ठसे.
'यांचं काय करू?' त्यांनी विचारलं.
मी एक मागून घेतला.
बाकीच्यांचं काय करायचं, मलाही सुचलं नाही.

आणि हे त्यांना आवडणार नाही, तरी लिहितो.
गिरगावातल्या त्यांच्या जागेची भाडेपावती काढली
तर ती वडिलांच्या नावावर.
वडील जाऊन चौतीस वर्षं झाली.
अर्ध्या मुंबईची नावं पावत्यांवर चढवणारा माणूस,
स्वतःचं राहून गेलं.
मी चिडलो. खरंच चिडलो.
रिकाम्या खुर्चीला म्हणालो,
साहेब, वहिनींसाठी आता कुठल्या कुठल्या खिडकीवर उभं राहू?
मग अर्ज टाइप करायला बसलो.

अर्ज झाला, तरी मशीनवरून उठवेना.
दुसरा कागद चढवला.
आत जाणारा प्रत्येक दस्त
शेवटी एकाच ठिकाणी येतो,
तेच टाइप करायला घेतलं:

येणेप्रमाणे चतुःसीमा.
पूर्वेस: जिना, आणि स्टुलावर पेंगणारा लिफ्टमन.
पश्चिमेस: सरोजिनी घागची खोली,
कठड्यावर तुळस, तिच्याच नावावर.
उत्तरेस: रेकॉर्डरूम, जिथे ती माझगावची बाई
अजून कुणीतरी वाचण्याची वाट बघतेय.

दक्षिणेची ओळ शेवटी ठेवली.
नवीन होतो तेव्हा एकदा मी अंदाजाने सीमा टाकली होती,
त्यांनी कागद परत दिला होता, रागावले नव्हते.
'माहीत नसेल तर लिहू नये, बावकर.
जागेवर जाऊन बघून यावं.'

दक्षिणेस:
कोरं सोडलंय, साहेब.
जाऊन येईन तेव्हा लिहीन.